ट्रंकेतलं पदक

आपल्या खेड-दापोली भागात पलटणीतली घरे पुष्कळ. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली निवृत्त होऊन दापोलीत राहिले. रामजी सुभेदारही काही काळ तिथेच होते. पुढे सरकारने महारांची भरतीच बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं लागली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली!

त्या युद्धाचं चांदीचं पदक लोट्यातल्या एका आजीच्या ट्रंकेत मी पाहिलं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. पण खरी साक्ष कडेवर असते. बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठसवलेली. कड घासलेली दिसली तर संशय धरावा, कारण नाव पालटून विकणारे आहेत. बिल्ल्याचंही तसंच. १९४१ साली बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्या जागी खंजीर आला. म्हणजे स्तंभवाला बिल्ला जुना.

माझ्या आज्याचं पदक वडिलांनी १९८२ च्या गिरणी संपात सोनाराकडे मोडलं. घरात दाणा नव्हता, दोष कुणाला देऊ? पण कड कुणी वाचून ठेवली नाही. आजा कुठल्या पलटणीत होता, ते त्या चांदीबरोबर वितळलं.

तुमच्या घरी पदक असेल तर चिंच-राखेने घासू नका, अक्षरं झिजतात. रविवारी वंदनेनंतर विहारात आणा. मी भिंग आणि वही घेऊन बसतो.