अर्धायुकालाचा शोध

अर्धायुकाल : किरणोत्सर्गी द्रव्यातील निम्म्या अणूंचा क्षय होण्यास लागणारा काळ. थोरियमापासून निघणाऱ्या वायूची क्रियाशीलता सु. एका मिनिटात निम्मी व पुढील मिनिटात पाव होते, असे अर्नेस्ट रदरफर्ड यांना १९०० मध्ये माँट्रिऑल येथे आढळले. हा क्षय म्हणजे मूलद्रव्याचे रूपांतरण होय, असे त्यांनी व फ्रेडरिक सॉडी यांनी १९०२-०३ मध्ये दाखविले. एखादा अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. असंख्य अणूंचा क्षयदर मात्र ठराविक असतो व उष्णतेने सहसा बदलत नाही. त्यामुळे खडकांतील युरेनियम व शिसे यांचे प्रमाण कालमापक ठरले. केल्व्हिन यांनी १८९७ मध्ये २ ते ४ कोटी वर्षे मानलेले पृथ्वीचे वय क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणांतील शिशावरून सु. ४५५ कोटी वर्षे ठरविले.