मृत्युपत्र : उतारवयाचा आधार

आजचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला; १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९२५ चा भारतीय वारसा कायदा येथे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाला, आणि ख्रिस्ती कुटुंबांची वाटणी त्यानुसार होऊ लागली. मृत्युपत्र न करता पती निवर्तला आणि मागे मुले असली, तर विधवेस एक-तृतीयांश हिस्सा मिळतो. उरलेला मुलगे व मुली समान वाटून घेतात. म्हणजे पतीच्या नावावरील राहत्या घरातही उतारवयात ती अल्पांशाचीच धनीण!

मृत्युपत्राने हे टळते. त्यास दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही. पुतण्या-भाच्याइतका जवळचा नातलग असल्यास ख्रिस्ती माणसाने मरणापूर्वी किमान बारा महिने मृत्युपत्र केल्याविना धर्मादाय दान वैध ठरत नसे. जॉन वल्लमट्टम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम घटनाबाह्य ठरविले.

हयातीतच घर मुलांच्या नावे करणाऱ्या ज्येष्ठांना २००७ च्या कायद्याचा आधार आहे. सांभाळाची अट दानपत्रात असून ती मोडली, तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. तेव्हा अट लिहूनच सही करावी. मायेला कागदाची जोड असली, म्हणजे माया उणी होत नाही.