आर्यनला गाडी लाव, किबेला सिनेमा बघ

मंडईत गाडी घेऊन जाणारा पुणेकर आजही सहज म्हणतो, "आर्यनला लाव, नाहीतर मिनर्व्हाला जागा बघ." ऐकणारा पंचविशीतला असेल तर त्याला ही वाहनतळांची नावं वाटतात. ती थिएटरांची नावं आहेत. आर्यन तर पुण्यातलं पहिलं कायमस्वरूपी थिएटर, बापूसाहेब पाठकांनी 1915 साली सुरू केलेलं. त्याआधी सिनेमा बघायचा तो तंबूत. जागा मात्र पालिकेची, भाडेकराराने घेतलेली. करार संपला, 1983 मध्ये आर्यन बंद झालं आणि पडदा होता तिथं गाड्या उभ्या राहिल्या.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण 'नवरा माझा नवसाचा 2'. सिनेमा 20 सप्टेंबरला लागला, म्हणजे अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी. गणपतीपुळ्याच्या नवसाची गोष्ट, मुहूर्त बरोबर साधलाय. रविवारी शनिवार पेठेतून आम्ही पाच जण चालतच निघालो. आई, बहीण, मेव्हणे, भाची आणि मी. काही मांडवांचे बांबू अजून रस्त्याकडेला पडलेले, ढोलाचा आवाज कानातून पुरता गेलेला नाही. भाचीचा जन्म पहिल्या भागानंतरचा. तिनं वाटेत विचारलं, "मामा, पार्ट वन न बघता चालेल का?" उत्तर माझ्या आईनं दिलं. अख्खी गोष्ट, अप्पा बळवंत चौक येईपर्यंत.

पहिला भाग 2004 चा. नवस फेडायला मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, त्यात कोंबलेली नाना तऱ्हेची माणसं, मागे लागलेलं चोर-पोलिसांचं लचांड आणि कंडक्टर अशोक सराफ. तेव्हा कोकण रेल्वे सुरू होऊन सहा वर्षं झाली होती, तरी सचिन पिळगांवकरांनी गोष्ट बसलाच दिली. आता वीस वर्षांनी तीच यात्रा रेल्वेनं होते आणि सराफ टीसी होतात. ते पडद्यावर आले तेव्हा थिएटरात ज्या शिट्ट्या पडल्या, त्यातल्या निम्म्या तरी साठीच्या पुढच्या लोकांच्या असाव्यात! खरं सांगायचं तर दुसरा भाग पहिल्याइतका जमलेला नाही. एसटीत माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, त्यातून विनोद आपोआप होतो. रेल्वेत ती पांगतात. पण त्या दिवशी हे कोणाला फारसं खुपलं नाही. लोक सिनेमाइतकेच स्वतःची वीस वर्षं बघायला आले होते. 'झपाटलेला'चा दुसरा भाग 2013 मध्ये आला, तोही बरोबर वीस वर्षांनी. आईवडिलांनी पाहिलेलं पोरांना दाखवायचं, हाच या सिनेमांचा धंदा आहे आणि त्यात वाईट काही नाही.

पण असा सिनेमा एकट्यानं बघायचा नसतो. घरातले सगळे न्यायचे तर तिकीट परवडलं पाहिजे आणि आजीला चालवलं पाहिजे एवढ्या अंतरावर थिएटर पाहिजे. प्रदर्शनाच्या शुक्रवारी राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून मल्टिप्लेक्सात 99 रुपयांत तिकीट होतं. तो एकच दिवस. शनिवारी परत मूळ भाव.

आम्ही बसलो होतो ते 'किबे लक्ष्मी' म्हणजे जुनं 'प्रभात'. थिएटर 1934 चं, मालक इंदूरचे सरदार किबे. कोल्हापुरात 1929 साली निघालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली होती, तिनं ते भाडेकराराने घेतलं. दामले, फत्तेलाल, शांताराम यांचे सिनेमे तिथं लागले. पुढे कंपनी बुडाली, स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली, तरी थिएटर चालूच राहिलं. 'माहेरची साडी'च्या काळात तिथं लागलेल्या बायकांच्या रांगा पेठेतली जुनी मंडळी अजून सांगतात. 2014 च्या अखेरीस करार संपला आणि सगळ्यांनी धरून चालवलं की आता इथं कॉम्प्लेक्स होणार. किबे कुटुंबानं जागा परत घेतली, नाव बदललं आणि सिनेमाच लावला.

म्हणजे करार आर्यनचाही संपला आणि प्रभातचाही. एक जागा पालिकेकडे गेली, तिथं पार्किंग झालं. दुसरी खासगी मालकाकडे गेली, तिथं थिएटर राहिलं. आपण एरवी उलटं धरून चालतो, की खासगी मालक विकून मोकळा होतो आणि सार्वजनिक जागा लोकांसाठी राहते. मंडईला पार्किंग लागतं हे मलाही मान्य आहे. पण शहरातल्या पहिल्या थिएटरची म्हणून नुसती आठवण ठेवायची, तीसुद्धा पार्किंगच्या पावतीपुरतीच?

बाकीचं काम करानं केलं. 2001 च्या धोरणात राज्य सरकारनं नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं फक्त 25 टक्के घेतला. एकपडदा थिएटरवाल्यांना हिंदी-इंग्रजी सिनेमावर तेव्हा 45 टक्के भरावे लागत होते. गल्ल्यातला फरक एवढा असल्यावर खुर्च्या बदलायला आणि एसी बसवायला पैसे कुठून येणार? मराठी सिनेमाला करमाफी होती, तेवढा आधार होता. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि तोही गेला. 2024 मध्ये 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 12 टक्के होता आणि त्यावरच्यावर 18.

पेठेतल्या उरलेल्या थिएटरांचं काय, हे नगरसेवकाला विचारावं म्हटलं तर तेव्हा मार्च 2022 पासून पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. निवडणूक लागेल तेव्हा दारात येणाऱ्या उमेदवाराला विचारायचं ठरवलं होतं.

एक काम मात्र आपण करू शकतो. 1983 मध्ये दहा वर्षांचा असलेला पोरगा आज पन्नाशीत आहे. आर्यनमध्ये सिनेमा पाहिलेलं तुमच्या घरात कोणी असेल तर कोणता सिनेमा, कोणाबरोबर, तिकीट किती, एवढं त्यांना विचारून खाली लिहा. तिकीट जपून ठेवलं असेल तर फोटो टाका.