दोन वाक्यांच्या सांध्यावर

जून महिन्यात अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कोणत्याही बसस्थानकावर थोडा वेळ थांबलं, तर ही चार वाक्यं कानावर पडतातच: "पाऊस आला का पेरू." "तो म्हने का पाऊस येईन." "सोयाबीन पेरू का तूर?" "पाऊस येईन का?" चारही वाक्यांत एकच 'का' आहे आणि चारही ठिकाणी त्याचं काम निराळं आहे. पहिल्यात तो एका घटनेला दुसरी लगेच जोडतो, दुसऱ्यात कुणाचं तरी बोलणं उचलून आणतो, तिसऱ्यात पर्याय मांडतो आणि चौथ्यात नुसता प्रश्न करतो. प्रमाण मराठीत पहिल्या तीन जागी 'की' येतो आणि 'का' प्रश्नापुरता उरतो. वऱ्हाडीनं चारही कामं एका अक्षरावर सोपवली आहेत. तरी ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. कसा होत नाही, हे शोधण्याचं शास्त्र म्हणजे वाक्यविन्यास. पुढची पानं त्या शास्त्रात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या वाचकासाठी आहेत.

शाळेत आपण उभयान्वयी अव्ययांची आठ नावं पाठ केलेली असतात. समुच्चयबोधक, विकल्पबोधक इथून सुरू होऊन गाडी संकेतबोधकाशी थांबते. ही नावं उपयोगाची आहेत, ती टाकून देऊ नयेत. मात्र त्यांच्यामुळे एक समज पक्का होतो, की वाक्यं जोडणारे शब्द म्हणजे एवढेच, सुटे आणि मोजून ठेवलेले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 साली छापलं गेलं तेव्हा समोर इंग्रजी व्याकरणाचा आराखडा होता, आणि इंग्रजीत जोडणारा शब्द बहुतेक वेळा उपवाक्याच्या तोंडाशी सुटा उभा असतो. मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त फार बारकाईनं विचार केला, पण शाळेपर्यंत पोचली ती यादीच. मराठीचं जोडकाम मात्र व्याकरणाच्या तीन-चार प्रकरणांत विखुरलेलं आहे: थोडं अव्ययांत, थोडं धातुसाधितांत, थोडं 'मुळे', 'वर', 'साठी' अशा शब्दयोगींत. ते एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय आपल्या भाषेची चाल कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजीतल्या 'बिकॉज'चंच पाहा. मराठी माध्यमातला मुलगा भाषांतर करताना लिहितो, "कारण पाऊस आला, आम्ही गेलो नाही." शिक्षक लाल रेघ मारतात, पण का मारली ते सांगत नाहीत. 'बिकॉज'चं उपवाक्य मुख्य वाक्याच्या आधीही बसतं आणि नंतरही. आपल्या 'कारण'ला ती मुभा नाही, तो मागूनच येतो: "आम्ही गेलो नाही, कारण पाऊस आला." कारण आधी सांगायचं असेल तर मराठी माणूस वाटच बदलतो. "पाऊस आला म्हणून गेलो नाही," किंवा "पाऊस आल्यामुळे गेलो नाही." तोंडाशी बसणारा शब्द सोडून तो शेपटाशी बसणारा धरतो. मराठीत या दोन्ही तऱ्हा नांदतात, आणि त्यांच्यातली निवड हा या क्षेत्रातला सर्वांत रसाळ भाग आहे.

त्यातही 'म्हणून'पाशी जरा थांबू या. वऱ्हाडीत तो 'म्हून' होतो. "पाऊस आला म्हणून पेरलं" आणि "पाऊस येईल म्हणून पेरलं" या दोन वाक्यांत क्रियापदाच्या रूपाशिवाय काहीच बदललेलं नाही. पहिल्यात पाऊस खरोखर पडलेला आहे. दुसऱ्यात पाऊस फक्त पेरणाऱ्याच्या मनात आहे, आणि दुबार पेरणीची सगळी व्यथा त्याच वाक्यात मावते. 'कारण' वापरून हे तितकं सहज सांगता येत नाही. 'म्हणून' हे 'म्हणणे'चं रूप असल्यामुळे त्याच्यामागे कुणाचं तरी म्हणणं, कुणाचा तरी विचार उभा राहू शकतो. म्हणूनच "येतो म्हणून सांगून गेला" यात तो उद्गार पोचवतो, "विकावं म्हणून नेलं" यात हेतू सांगतो, आणि "बाबाराव म्हणून एक शेतकरी होते" यात चक्क नाव ठेवतो. त्याच धातूचा 'म्हणे' वाक्याच्या टोकाशी येऊन ऐकीव बातमी ऐकीव म्हणूनच पुढे देतो: "पाऊस लांबणार म्हणे."

ही वाट एकट्या मराठीची नाही. तेलुगूतला 'अनि' आणि कन्नडमधला 'एंदु' हेही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूंतून आले आहेत आणि बोललेल्या वाक्याच्या मागे येऊन बसतात. संस्कृतातला 'इति' त्याच जागी बसतो. भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी 1971 मध्ये मराठीच्या घडणीत द्राविडी भाषांच्या सहवासाचा मोठा वाटा मानला. 'इति' समोर ठेवून त्यांच्याशी वाद घालता येतो, आणि नव्या अभ्यासकानं तो जरूर घालावा.

या वादाचा पुरावा शोधायला वऱ्हाडच्या माणसाला लांब जावं लागत नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास रचलेलं 'लीळाचरित्र' याच भूमीशी जोडलेलं आहे. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली त्याची प्रत 1978 साली प्रसिद्ध झाली. ती हाती घ्या आणि श्रद्धेनं वाचता तशीच एकदा केवळ सांधे पाहत वाचा. 'मग', 'तवं', 'परि', 'म्हणौनि' यांच्या बळावर ते गद्य कसं पुढे सरकतं, ते दिसेल. बोलण्याची लय आणि लिहिण्याची शिस्त तिथे एकमेकींना सोडत नाहीत. पुढे मराठेशाहीतल्या पत्रांत 'की'च्या जागी 'जे' भेटतो. आजच्या 'की'चा एक धागा जुन्या मराठीतल्या 'कीं'शी, तर दुसरा फारसीतल्या 'के'शी जोडला जातो. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे, याचा मला फार आनंद आहे. सातशे वर्षांपूर्वीचं 'म्हणौनि' आणि आजचं 'म्हून' एकाच तालुक्यात अभ्यासायला मिळावं, ही भाग्याची गोष्ट आहे.

आता धातुसाधितांकडे वळू. त्यांत 'जाऊन', 'येऊन' यांतल्या 'ऊन'चं प्रकरण सर्वांत नाजूक. "घरी जाऊन जेवलो" यात जाणारा आणि जेवणारा एकच. "राम येऊन मी गेलो" हे कानाला खटकतं, कारण कर्ते दोन झाले. मग नियम असा करायचा का, की 'ऊन'ला एकच कर्ता लागतो? तसं करावं तर "पाऊस पडून कपाशी वाहून गेली" हे निर्दोष वाक्य आडवं येतं. इथेही कर्ते दोनच आहेत. फरक एवढाच, की पाऊस आणि कपाशी ठरवून काही करत नाहीत. ज्या घटनांमागे कुणाची इच्छा नसते, तिथे 'ऊन' सैल होतो. शिवाय "त्याला येऊन दोन दिवस झाले" ही तिसरी तऱ्हा आहेच. असा नियम, त्याला मोडणारं वाक्य, आणि त्या वाक्यातून हाती लागणारा अधिक खोल नियम, हा या अभ्यासाचा खरा आनंद.

शेजारच्या भाषांचा प्रश्न थोडक्यात मांडतो. मेळघाटात कोरकू आहे, ती मुंडा कुळातली. गावोगावी हिंदी आणि उर्दू कानावर पडतात. भाषाशास्त्रज्ञ यारॉन मात्रास यांनी अनेक भाषा तपासून असं मांडलं, की परक्या भाषेतून 'पण' या अर्थाचा शब्द आधी येतो, मग 'किंवा', आणि 'आणि' सर्वांत शेवटी. आजची कॉलेजची मुलं "मी येनार होतो, बट गाडी चुकली" असं सहज बोलतात. त्यांच्या तोंडी 'अँड' किती येतो आणि 'बट' किती, हे ऐकून पाहावं. भाषा बिघडली म्हणून कपाळाला हात लावण्यापेक्षा हे ऐकणं कितीतरी मोलाचं आहे.

आता कामाला कसं लागायचं ते. कुणालाही "तुम्ही असं म्हणता का?" असं विचारू नका. वहीपेन दिसलं की वऱ्हाडी माणूस लगेच पुस्तकी बोलू लागतो. भाषांतरही करून घेऊ नका. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 चा, आणि तो अमूल्य आहे. पण त्यात बोलीबोलीतून एकच बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट उतरवून घेतली होती, आणि भाषांतरात मूळ भाषेचे सांधेही नकळत उतरतात. त्यापेक्षा उद्धव शेळक्यांच्या 'धग' (1960) या कादंबरीतले संवाद वाचा, म्हणजे कान तयार होईल. मग बाजारात, शेतात, लग्नाच्या मांडवात नुसतं ऐका. वाक्य पुरं लिहा, अर्धं नको. आवाज कुठे चढला, कुठे थांबला, याची खूण करा. "पाऊस आला का पेरू" यात 'का' आधीच्या शब्दाला चिकटतो आणि नंतर किंचित विसावा येतो. "सोयाबीन पेरू का तूर" यात आवाज 'का'च्या आधी चढतो आणि तुरीवर उतरतो. बोलणारा कोण, कुठल्या गावचा, समोर कोण होतं, हेही नोंदवा. नाव मात्र लिहू नका.

आणि एका जोडीवर विशेष लक्ष ठेवा: "पाऊस आला का पेरू" आणि "पाऊस आला तं पेरू." हा 'तं' म्हणजे प्रमाण मराठीतला 'तर'. पहिल्यात येण्याची खात्री आहे, प्रश्न केव्हाचा. दुसऱ्यात येण्याचीच शंका आहे. एकच शेतकरी मृगाच्या आधी कोणतं म्हणतो आणि आर्द्रा कोरडी गेल्यावर कोणतं, हे एका हंगामात टिपलं तरी पहिल्या निबंधापुरतं साहित्य हाती येतं.