हसन सिज्जींची कोरी जागा

इश्काची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. इश्काला लागणाऱ्या चिकाटीची मात्र फारशी होत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. मुलांना अमीर खुसरो ठाऊक असतात. त्यांचे मित्र अमीर हसन सिज्जी ठाऊक नसतात.

हसन हे दिल्लीचे नामवंत फारसी गझलकार. पन्नाशी ओलांडल्यावर, इ.स. १३०८ मध्ये, त्यांनी आपले पीर हजरत निजामुद्दीन औलिया यांची मजलिसीतली वचने टिपायला घेतली. १३२२ पर्यंत १८८ मजलिसींचा वृत्तान्त तयार झाला. तोच ‘फवायद-उल-फुआद’ हा ग्रंथ. सुरुवातीला हे लिखाण पीरांना न सांगताच चालले होते. एखादा शब्द निसटला, तर हसन पदरचे काही न घालता जागा कोरी सोडत. पुढे पीरांनी ते कागद पाहिले, पसंत केले आणि कोऱ्या जागा भरून दिल्या.

आपल्या मराठीतही म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी माणसांमाणसांकडून गोळा करूनच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. श्रद्धा निराळ्या, पण निष्ठा तीच.

मुहम्मद तुघलकाच्या काळात हसन दौलताबादेस आले. त्यांची कबर जवळच खुलताबादला आहे. जियारतीला जाणारे आपण किती जण तिथे थांबतो?

पुढच्या काळात थोर सूफींच्या नावावर बनावट वचनसंग्रहही निघाले. आज तर अशी वचने मोबाइलवरून घरोघर पोहोचतात आणि मुले ती वहीत उतरवून आणतात. आम्ही त्यांना हसनची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, खात्री नसेल तिथे जागा कोरी ठेवा, बेटा.