दोन व्यवहार एकाच क्षणी झाले, तर डेटाबेसचा हिशेब कसा चुकतो?

मार्च २०१४ मध्ये कॅनडातली फ्लेक्सकॉइन ही बिटकॉइन साठवणारी कंपनी बंद पडली. चोरट्याने तिथून ८९६ बिटकॉइन पळवले होते. कंपनीने सांगितल्यानुसार, त्याने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम पाठवण्याच्या हजारो विनंत्या एकाच वेळी केल्या. शिल्लक अपडेट होण्याआधीच रक्कम पुन्हा पुन्हा निघत राहिली.

नेमकं काय होतं?

समजा, खात्यात १,००० रुपये आहेत. दोन मोबाइलवरून एकाच क्षणी ८०० रुपये काढायची विनंती येते. पहिली विनंती शिल्लक वाचते: १,०००. दुसरीही तेच वाचते. दोन्हींच्या मते पैसे पुरेसे आहेत, म्हणून दोन्ही ८०० रुपये देतात आणि नवी शिल्लक २०० लिहितात. बाहेर गेले १,६०० रुपये, तरी खात्यात २०० शिल्लक! दुसऱ्या नोंदीने पहिली नोंद पुसली. याला 'लॉस्ट अपडेट' म्हणतात.

ट्रान्झॅक्शन वापरूनही चूक होते का?

हो. एक ट्रान्झॅक्शन चालू असताना दुसऱ्याचे बदल त्याला किती दिसावेत, हे 'आयसोलेशन लेव्हल'वर ठरतं. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये ती मुळात 'रीड कमिटेड' असते. त्यात तीच क्वेरी दोनदा चालवली, तर मधल्या काळात दुसऱ्याने केलेला बदल दिसतो आणि उत्तर बदलतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये 'रिपीटेबल रीड' असते. तिथे साधी सिलेक्ट क्वेरी जुनंच चित्र दाखवत राहते, पण अपडेट मात्र ताज्या नोंदीवर होतं. म्हणजे पाहिलं एक आणि बदललं दुसरंच!

उपाय काय?

• वजाबाकी डेटाबेसलाच करू द्यावी. 'शिल्लक किमान ८०० असेल तरच ८०० वजा कर' अशी एकच अपडेट क्वेरी द्यावी आणि नोंद खरंच बदलली का, ते तपासून मगच पैसे द्यावेत.

• आधी वाचणं गरजेचं असेल, तर 'सिलेक्ट फॉर अपडेट' वापरावं. काम संपेपर्यंत ती नोंद कुलूपबंद राहते आणि दुसरी विनंती थांबते.

• 'सिरियलायझेबल' लेव्हल निवडावी. व्यवहार एकामागून एक झाल्यासारखाच निकाल मिळतो. मात्र काही ट्रान्झॅक्शन रद्द होतात. ती पुन्हा चालवण्याची सोय प्रोग्रॅममध्ये हवी.

एकट्याने चाचणी घेतली, तर ही चूक सापडत नाही. त्यामुळे पैसे, तिकिटं किंवा मालाचा साठा सांभाळणाऱ्या प्रत्येक ॲपची चाचणी एकाच वेळी अनेक विनंत्या पाठवूनच घ्यायला हवी.