पार्किंगच्या चालानाविरुद्ध दाद (नागपूर)

मनाई असलेल्या किंवा अडथळ्याच्या जागी वाहन उभे केल्याबद्दल दंडाची नोटीस आली आणि ती वाहनमालकाला मान्य नसली, तर त्याने कायदेशीर मार्गाने घेतलेली हरकत म्हणजे पार्किंगच्या चालानाविरुद्धची दाद. नागपुरात हे चालान शहर पोलिसांची वाहतूक शाखा काढते, आणि आता ते बहुतेक वेळा ई-चालानच असते. हरकत आधी पोलिसांकडे तक्रार म्हणून जाते आणि तिथे न मिटल्यास न्यायदंडाधिकाऱ्यापुढे खटला म्हणून चालते. जगातल्या अनेक शहरांनी हा विषय फौजदारी न्यायालयांतून बाहेर काढला आहे. न्यूयॉर्कमध्ये 1970 पासून पार्किंग उल्लंघनांसाठी वेगळे कार्यालय आहे आणि तिथले प्रशासकीय न्यायाधीश सुनावणी घेतात. ब्रिटनमध्ये 1991 च्या रस्ते वाहतूक कायद्यानंतर असे दंड स्थानिक संस्थांकडे आणि त्यांवरची अपिले स्वतंत्र लवादांकडे गेली. भारतात मात्र चुकीचे पार्किंग हा मोटार वाहन कायदा, 1988 खालचा गुन्हाच राहिला. त्यामुळे नागपूरचा वाहनमालक कायद्याच्या दृष्टीने अपीलकर्ता नसून आरोपी असतो. ऐकायला हे वाईट वाटते, पण त्यात त्याचा फायदाही आहे, कारण आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर येते.

कायद्याच्या कलम 122 नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा स्थितीत वाहन सोडून जाता येत नाही. वाहन कुठे उभे करायचे हे ठरवण्याचा अधिकार कलम 117 मध्ये आहे, तर फलक लावण्याचा अधिकार कलम 116 मध्ये. नागपूरसारख्या आयुक्तालयात हे अधिकार पोलीस आयुक्तांच्या अधिसूचनांमधून वापरले जातात. एखादा रस्ता ‘नो पार्किंग’ होतो, कुठे सम-विषम तारखांना बाजू बदलते, कुठे फक्त दुचाकींना मुभा मिळते. शुल्क आकारणारे वाहनतळ महापालिकेच्या अखत्यारीत येतात. एका यंत्रणेने आखलेली जागा आणि दुसरीने घातलेली मनाई यांची सांगड नेहमीच बसते असे नाही, आणि बऱ्याच हरकतींचे मूळ याच फटीत असते. चौक, वळण, पदपथ, पादचारी पट्टा, बसथांबा, रुग्णालयाचे किंवा शाळेचे प्रवेशद्वार अशा ठिकाणी मात्र फलक नसला तरी वाहन उभे करण्यास मनाईच असते. तेव्हा ‘बोर्डच नव्हता’ हा बचाव सीताबर्डीच्या मुख्य रस्त्याच्या मधल्या भागात कदाचित चालेल, व्हरायटी चौकाच्या तोंडाशी चालणार नाही.

दंडाची रक्कम सहसा कलम 177 खाली ठरते. 2019 च्या दुरुस्तीने ती पहिल्या वेळी 500 आणि पुढच्या प्रत्येक वेळी 1500 रुपये झाली. महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर 2021 पासून लागू झाले. हरकत घ्यायची की नाही, याचा हिशेब या दोन आकड्यांभोवती फिरतो. 500 रुपयांसाठी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात अर्धा दिवस घालवणे मजुरी करणाऱ्याला किंवा दुकानदाराला परवडत नाही. 1500 रुपयांचे चालान चुकून आले असेल, तर विचार बदलू शकतो.

दंड भरला की विषय संपतो. कलम 200 नुसार तडजोड रक्कम स्वीकारल्यावर पुढची कारवाई थांबते, पण हरकतीची वाटही तिथेच बंद होते. ‘आधी भरून टाकू, मग भांडू’ हा सीताबर्डी-इतवारीत हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणूनच घातक आहे. हरकत घ्यायची असेल, तर रक्कम न भरता ती घ्यावी लागते.

पहिली पायरी ऑनलाइन तक्रारीची. महाट्रॅफिक ॲप किंवा राज्याच्या ई-चालान संकेतस्थळावर चालान क्रमांक देऊन छायाचित्र पाहता येते आणि तक्रार नोंदवता येते. ते छायाचित्र नीट पाहणे हेच या टप्प्यावरचे निम्मे काम. नंबरप्लेटवरचा आकडा चुकीचा वाचला गेला, की एमएच-31 च्या नागपूरकराऐवजी एमएच-37 च्या वाशीमकराला संदेश जातो. बनावट नंबरप्लेट लावलेली दुसरीच गाडी रंग किंवा मॉडेलवरून ओळखू येते. कधी छायाचित्रात फक्त गाडीचे मागचे टोक दिसते. ना फलक, ना रस्त्याची कडा, ना ठिकाणाची खूण. अशा तक्रारीत आपल्या गाडीचे छायाचित्र, नोंदणी प्रमाणपत्र, त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा (सर्व्हिस सेंटरची पावती, टोलची नोंद) आणि शक्य तितक्या लवकर घेतलेले जागेचे छायाचित्र जोडले, तर उपयोग होतो. नुसते ‘दंड अन्यायकारक आहे’ एवढे लिहून काही साधत नाही. या टप्प्यावर निर्णय करणारी यंत्रणा चालान काढणारीच असते, हा पद्धतीतला उघड दोष आहे. तरीही नंबरच्या किंवा ओळखीच्या चुका इथेच दुरुस्त होण्याची शक्यता सर्वाधिक असते. 2025 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांना खासगी मोबाइलवर छायाचित्र काढून चालान करू नये अशी सूचना देण्यात आली. छायाचित्र कोणत्या उपकरणाने घेतले, हा प्रश्न तेव्हापासून हरकतीत विचारला जाऊ लागला.

चालान न भरल्यास प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. त्याचा एक मार्ग आभासी न्यायालयाचा आहे. वाहतूक चालानांसाठीचे महाराष्ट्रातले पहिले आभासी न्यायालय 31 ऑक्टोबर 2020 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलसाठी सुरू झाले. त्याचे उद्घाटन मूळचे नागपूरचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केले आणि त्याच कार्यक्रमात नागपुरात ‘न्याय कौशल’ हे ई-संसाधन केंद्रही सुरू झाले. आभासी न्यायालयाचा संदेश आल्यावर मालकापुढे दोन पर्याय असतात: गुन्हा कबूल करून ठरवलेला दंड ऑनलाइन भरणे किंवा खटला लढवण्याचा पर्याय निवडणे. दुसरा निवडला, की प्रकरण त्या हद्दीतल्या नियमित न्यायालयाकडे जाते. म्हणजे आभासी न्यायालयात वाद ऐकला जात नाही, वाद आहे की नाही एवढेच कळते.

खरी सुनावणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे होते. प्रक्रिया संक्षिप्त असते आणि कलम 208 नुसार आरोपी स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहू शकतो. गुन्हा नाकबूल केल्यावर चालान करणारा पोलीस कर्मचारी साक्ष देतो. त्याला विचारण्यासारखे प्रश्न साधे असतात: मनाईची अधिसूचना कोणती, फलक कुठे होता, छायाचित्र कधी घेतले, वाहन किती वेळ उभे होते. छायाचित्र इलेक्ट्रॉनिक पुरावा असल्याने भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार त्यासोबत प्रमाणपत्र लागते. मुदतीचा मुद्दाही इथेच येतो. केवळ दंडाच्या गुन्ह्याची दखल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 नुसार सहा महिन्यांनंतर घेता येत नाही. विलंब माफ करण्याचा अधिकार मात्र न्यायालयाला आहे.

लोकअदालत हा वेगळाच रस्ता. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या व्यवस्थेतून थकीत चालानधारकांना नोटिसा जातात आणि तडजोडीने प्रकरणे मिटतात. तिथे चालान बरोबर की चूक हे ठरत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे चालानच चुकीचे आहे असे म्हणणाऱ्याने तिथे तडजोड करण्यात अर्थ नसतो.

गाडी उचलून नेली असेल, तर गुंता वाढतो. कलम 127 नुसार मनाईच्या जागी उभे असलेले वाहन हलवण्याची परवानगी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो आणि टोइंगचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकावर पडतो. गाडी सोडवून घेण्यासाठी दोन्ही रकमा बहुधा तिथल्या तिथे भराव्या लागतात, म्हणून हरकतीची ताकद व्यवहारात जवळजवळ संपते. अशा वेळी पावतीवरचे ठिकाण, वेळ आणि कारवाई करणाऱ्याचे नाव तपासून घेणे आणि उचलताना पोलीस हजर नसल्यास तसे लेखी कळवणे एवढेच हाती उरते.

विकलेल्या गाडीचे चालान जुन्या मालकाला येणे हा नागपुरात नेहमीचा प्रकार. आरटीओतली नोंद बदललेली नसेल, तर चालानाचा संदेश नोंदणीकृत मालकालाच जातो आणि कलम 133 नुसार चालकाची माहिती देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. विक्रीचा करार दाखवून खटल्यात चालक आपण नव्हतो हे मांडता येते. पण नाव बदलून घेतल्याशिवाय पुढची चालाने थांबत नाहीत.